न्यूझीलंडमधला गाऊट: अंगठ्याचा ठणका, कोपरावरच्या गाठी आणि आपली बंद केलेली तूरडाळ

अनघा_ऑकलंड | ३ जून, रात्री ९.१०

परवा इथे दुसऱ्या एका धाग्यावर तीन-चार जणांनी लिहिलं होतं की युरिक ॲसिड वाढलंय म्हणून तूरडाळ बंद, टोमॅटो बंद, पालक बंद. पण सांधा दुखतोय का, कुठला दुखतोय, किती दिवस दुखला हे कोणी विचारलंच नाही. तेव्हापासून मनात घोळतंय म्हणून वेगळा धागा काढते. लांबेल, सांभाळून घ्या.

मी दक्षिण ऑकलंडमध्ये फार्मासिस्ट आहे, यंदा अकरावं वर्ष. गाऊट म्हणजे युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात साठून होणारा सांधेदुखीचा आजार; पुण्यात बी.फार्म.ला तो म्हणजे पेपरातली पाच मार्कांची टीप, एवढंच डोक्यात होतं. इथे आले आणि पहिल्याच महिन्यात एक गृहस्थ दुकानात आले, मूळचे सामोआचे, सिटी बस चालवणारे, वय असेल पस्तिशीच्या आत (ओळख पटू नये म्हणून तपशील जरा बदललेत). एका पायात बूट आणि दुसऱ्या पायात पुढून कापलेली सपाता. अंगठ्याच्या मुळाशी जो सांधा असतो तो लिंबाएवढा सुजलेला, कातडी इतकी ताणलेली की चकाकत होती, रंग लाल-जांभळा. म्हणाले, झोपताना काही नव्हतं, रात्री दोनला जाग आली ती कळ मारूनच, पायावरची चादर काढून टाकली कारण तिचं वजन सोसवेना, शेवटी बायकोला सांगितलं पलंगावर बसू नको, गादी हलली तरी जीव जातो. त्यांना वाटलं रग्बी खेळताना लागलं असणार. ब्रेक दाबता येत नव्हता म्हणून तीन दिवस कामावर गेले नव्हते आणि बॉसला "पाय मुरगळला" असं सांगितलेलं. गाऊट हा शब्द तोंडातून काढायला ते तयार नव्हते. ते का, ते पुढे सांगते.

हा अगदी नमुनेदार पहिला झटका आहे. रात्री किंवा पहाटे सुरू होतो, एकाच सांध्यात, बहुतेक करून पायात, आणि चोवीस तासांच्या आत ठणका कळसाला जातो. निम्म्या लोकांत पहिला झटका अंगठ्याच्या मुळाशीच येतो, बाकीच्यांत पायाच्या मधल्या भागात, घोट्यात, गुडघ्यात. आणि सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे काहीही औषध न घेता तो आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप पूर्ण जातो. पूर्ण म्हणजे पूर्ण, माणूस पुन्हा पळायला लागतो. मग कोण कशाला डॉक्टरकडे जातंय. पुढचा झटका सहा महिन्यांनी, मग चार, मग दोन, मग एकाच्या जागी दोन सांधे, मग हात, आणि काही वर्षांनी मधला मोकळा काळच उरत नाही.

आता न्यूझीलंडचंच का सांगतेय, तर गाऊटचं प्रमाण जगात सगळ्यात जास्त असलेल्या देशांत हा देश मोजतात. माओरी, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी लोकांतल्या गाऊटबद्दल इथले डॉक्टर १९६० पासून लिहीत आलेत. २००९ च्या सरकारी आरोग्य नोंदींवरून केलेल्या अभ्यासात वीस वर्षांवरच्या लोकांत पावणेचार टक्के निघाले, माओरींमध्ये सहा टक्क्यांच्या आसपास, पॅसिफिक बेटांवरून आलेल्यांत साडेसात टक्क्यांच्या वर, आणि पासष्टीच्या पुढच्या माओरी आणि पॅसिफिक पुरुषांत चारातल्या एकाहून जास्त. चारात एक! चर्चमधल्या बाकावर बसलेल्या चार आजोबांपैकी एकाला. आपल्याकडे पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ मध्ये घरोघर जाऊन सांधेदुखीची जी मोठी पाहणी सुरू झाली, डॉ. अरविंद चोप्रांची, तिच्यात गाऊट हजारात एखाद्यालाच सापडला होता. मोजायची पद्धत वेगळी आहे त्यामुळे आकड्याला आकडा लावू नका, पण अंतर लक्षात येतं.

आणि फरक फक्त किती जणांना होतो एवढाच नाही, कसा होतो यातही आहे. इथल्या माओरी आणि पॅसिफिक रुग्णांत तो लवकर सुरू होतो, विशी-तिशीत, झटके जास्त येतात, गाठी लवकर होतात, जोडीला डायबिटीस, किडनी, हृदय यांचे आजार जास्त. गाठी म्हणजे टोफाय. कानाच्या पाळीच्या वरच्या कडेला, कोपरावर, बोटांच्या पेरांवर, टाचेमागच्या शिरेवर. आत युरेटचे, म्हणजे युरिक ॲसिडच्या क्षाराचे, स्फटिक साठलेले असतात, कधी कातडी फुटली की ओल्या खडूसारखं पांढरं बाहेर येतं. मी अशी माणसं पाहिलीत ज्यांना शर्टाचं बटण लावता येत नाही, आणि ती पंचेचाळीशीची आहेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण. आपल्या पेशींत आणि खाण्यातही प्युरीन नावाचं द्रव्य असतं, ते मोडून युरिक ॲसिड तयार होतं, बऱ्याच प्राण्यांत ते पुढे मोडणारं एक एन्झाइम असतं, माणसात ते उत्क्रांतीत केव्हाच बंद पडलंय. मग उरतात किडनी आणि आतडं. साधारण दोन तृतीयांश किडनीतून जातं, बाकीचं आतड्यातून. ज्यांना गाऊट होतो त्यांतल्या बहुतेकांत ते जास्त तयार होतं म्हणून नाही, तर बाहेर कमी टाकलं जातं म्हणून साठतं, आणि ते बाहेर टाकणारी दारं जनुकांवर अवलंबून. एबीसीजीटू नावाच्या जनुकातला एक बदल पॅसिफिक लोकांत बराच सापडतो. रक्तातलं प्रमाण साधारण ६.८ (दर डेसिलिटरला मिलिग्रॅम) च्या वर गेलं की ते विरघळून राहू शकत नाही, स्फटिक व्हायला लागतात, आणि पायाचा अंगठा शरीरातल्या सगळ्यात थंड टोकांपैकी एक, तिथे आधी बसतात.

म्हणजे माणूस खादाड आहे म्हणून त्याला गाऊट झाला असं नसतं हो. हे मला इथे रोज दहा वेळा सांगावं लागतं.

दर्यावर्दी | ३ जून, रात्री ११.३२

अनघाताई उत्तम लेख. पण एक विचारतो, राग मानू नका. मी रत्नागिरीचा, वय ५१, मला गाऊट आहे, डॉक्टरांनी सांध्यातलं पाणी काढून सांगितलेलं आहे. माझा पहिला झटका पुतणीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आला, दोन दिवस कोळंबी, तारल्या, रात्री बिअर. त्यानंतर दोनदा असंच, खाल्लं की आला. आता तुम्ही म्हणता खाण्याचा संबंध नाही, मग हे काय? घरात तर मला मासळी बघायलाही देत नाहीत, आमच्याकडे मासळीशिवाय जेवण म्हणजे काय ते कोकणातला माणूसच जाणे, आणि एवढं करून गेल्या मे महिन्यात पुन्हा आलाच.

अनघा_ऑकलंड | ४ जून, सकाळी ६.०५

दादा राग कसला, हाच तर प्रश्न इथेही सगळे विचारतात, फक्त कोळंबीऐवजी शिंपले असतात. संबंध नाही असं नाही म्हटलं मी. झटका पेटवायला खाणं-पिणं कारण ठरू शकतं. बिअर, कलेजी-मेंदू-गुर्दा, तारली-बांगड्यासारखी मासळी, कोळंबी-शिंपले, आणि ज्याच्याकडे कोणाचंच लक्ष नसतं ती गोड कोल्ड्रिंक्स, त्यातलं फ्रुक्टोज. पाणी कमी पडणं, उपास, ऑपरेशन, अंगठ्याला लागणं यानेही पेटतो. पण ठिणगी पडून पेटायला आधी गवत वाळलेलं लागतं ना. स्फटिक सांध्यात वर्षानुवर्षं साठलेले होते म्हणून ती कोळंबी बाधली. त्याच पंगतीत जेवलेल्या बाकी दोनशे माणसांना काही झालं नाही.

ओटागो विद्यापीठातल्या टोनी मेरिमन यांच्या गटाने २०१८ मध्ये सोळा हजारांहून जास्त लोकांचा डेटा तपासला होता (ते लोक अमेरिकेतले, युरोपीय वंशाचे). माणसामाणसातल्या युरिक ॲसिडच्या फरकातला आहाराचा वाटा एक टक्क्याहूनही कमी आणि वारसाने आलेल्या जनुकांचा चोवीस टक्क्यांच्या आसपास. तुम्ही मासळी सोडूनही मे महिन्यात झटका आला त्याचं उत्तर यातच आहे. कडक पथ्याने आकडा थोडाच उतरतो, तुमचा जर साडेनऊ असेल तर साडेआठ होईल, सहाच्या खाली नाही येणार. बिअर मात्र खरंच कमी करा.

आणि डाळीबद्दल: डाळ, पालक, मशरूम यांत प्युरीन आहे हे खरं, पण त्यामुळे गाऊटचा धोका वाढल्याचं मोठ्या पाहणीत दिसलेलं नाही. दूध-दह्याने तर उलट थोडा कमी होतो. तूरडाळीने कोणाचं काही वाकडं केलेलं नाही, वरण-भात खा.

सह्यकडा | ४ जून, सकाळी ८.४८

धन्यवाद, वरणाची बाजू घेणारं कोणीतरी भेटलं. माझ्या वडलांनी चार वर्षं डाळ सोडली होती, शाकाहारी माणूस, प्रोटीन कुठून मिळणार, हडकुळे झाले. दुखत होता गुडघा, आणि तो झिजेचा निघाला.

कृष्णाकाठ | ४ जून, दुपारी २.१७

मी सांगली जिल्ह्यातली आहे, लिहू की नको असं करत लिहितेय. आमच्या ह्यांना चौदा वर्षांपासून हाच त्रास आहे, आता वय ४९. सुरुवात अंगठ्यानेच, अगदी ताईंनी लिहिलंय तशी, रात्री उठून बादलीत पाय बुडवून बसायचे. गावातल्या दवाखान्यात कमरेला एक इंजेक्शन आणि पाच दिवसांच्या गोळ्या, दोन दिवसांत उतरायचं, मग ऊसतोडीच्या हंगामात हे पुन्हा उभे. वर्षातून एकदा होतं ते आता महिन्यातून एकदा झालंय. दोन्ही कोपरांवर गाठी आहेत, डाव्या हाताच्या मधल्या बोटावर एक आहे ती मागच्या वर्षी फुटली, पांढरं खडूसारखं आलं, मला वाटलं पू आहे, मी दाबून काढलं. किडनीची तपासणी केली, क्रिएटिनिन वाढून १.८ आलंय. मधे शहरातल्या एका डॉक्टरांनी युरिक ॲसिड उतरवायला ॲलोप्युरिनॉल दिलं होतं पण ती गोळी सुरू केल्यावर पंधरा दिवसांतच इतका जोरात झटका आला की ह्यांनी ती फेकून दिली, म्हणाले हे औषधच मला सोसत नाही. आणि आता किडनीचं कारण सांगून दुसरे म्हणतात ती गोळी तुम्हाला चालणारच नाही. मग करायचं काय. मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, त्यालाही होणार का ही वेगळी काळजी.

डॉ_पायवाट | ४ जून, रात्री १०.२६

कृष्णाकाठ, तुमची पोस्ट वाचून वाईट वाटलं कारण हीच गोष्ट मी ओपीडीत नेहमी ऐकतो. मी कोल्हापूरकडे फिजिशियन आहे. ऑनलाइन तपासल्याशिवाय औषध सांगणार नाही, पण काही गोष्टी सगळ्यांनाच समजायला हव्यात म्हणून लिहितो.

एक, गोळी सुरू केल्यावर झटका येणं म्हणजे गोळी न सोसणं नव्हे. युरिक ॲसिड उतरायला लागलं की सांध्यातले जुने स्फटिक सुटायला लागतात आणि त्याने शरीर चवताळतं. पहिले तीन ते सहा महिने हे होऊ शकतं, म्हणून ॲलोप्युरिनॉल थोड्या डोसने सुरू करायचं, शंभर मिलिग्रॅम, किडनी अधू असेल तर पन्नास किंवा त्याहून कमी, दर महिन्याला थोडं थोडं वाढवायचं आणि तेवढ्या काळात झटका रोखायला कोल्चिसिनचा लहान डोस जोडीला. किडनीच्या रुग्णात तोही जपून. हे आधी सांगितलं नाही तर कुठलाही माणूस गोळी फेकणारच, चूक तुमच्या मिस्टरांची नाही. आणि चालू असलेली गोळी झटक्यात बंद करायची नसते, हे कंपाउंडरपासून सगळ्यांना सांगावं लागतं.

दोन, किडनी अधू म्हणून ॲलोप्युरिनॉल चालणारच नाही हे जुनं झालं. क्राइस्टचर्चच्या लिसा स्टॅम्प यांच्या गटाने २०१७ मध्ये दाखवलं की कमी डोसने सुरुवात करून सावकाश वाढवलं तर किडनीच्या हिशोबाने ठरवलेल्या डोसच्या वरही जाता येतं, देखरेख हवी. उलट चौदा वर्षं घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्या किडनीला जास्त जाचतात. मात्र ॲलोप्युरिनॉल सुरू केल्यावर अंगावर पुरळ, ताप, तोंडात फोड असं काही आलं तर तिथल्या तिथे बंद आणि थेट दवाखाना. ही रिॲक्शन दुर्मिळ आहे पण जिवावरची असू शकते, पहिल्या दोन-तीन महिन्यांत जास्त लक्ष ठेवा.

लक्ष्य आकडा: सहाच्या खाली. गाठी असतील तर पाचच्या खाली, म्हणजे गाठी लवकर विरघळतात. हो, विरघळतात, पण महिने नाही वर्षं लागतात. गाठ दाबू नका, त्यातून इन्फेक्शन होतं.

मुलाला आत्ताच काही करायची गरज नाही. वजन, बिअर, कोल्ड्रिंक यांकडे लक्ष, आणि कधी रात्री अंगठा ठणकला तर चौदा वर्षं थांबू नका.

तुषार_ठाणे | ५ जून, सकाळी ११.०३

डॉक्टर साहेब, मी २९. कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये युरिक ॲसिड ७.८ आलंय, लाल अक्षरात. दुखत काहीच नाही, कधीच नाही. लॅबच्याच फोनवरच्या बाईंनी फेबुक्सोस्टॅट ही युरिक ॲसिड उतरवायची गोळी सुचवली, मित्रही घेतो. सुरू करू का?

डॉ_पायवाट | ५ जून, दुपारी १.४०

नको. लाल अक्षर म्हणजे आजार नव्हे. नुसता आकडा वाढलेल्या बहुतेकांना गाऊट होत नाही. ऑकलंडच्या निकोला डाल्बेथ यांच्या २०१८ च्या अभ्यासात दहाच्या वर आकडा असलेल्यांतही पंधरा वर्षांत जवळपास निम्म्यांनाच गाऊट झाला, म्हणजे निम्म्यांना झाला नाही. तुमचा ७.८ आहे. बीपी, शुगर, वजन, क्रिएटिनिन बघून घ्या कारण तो आकडा त्यांच्यासोबत फिरतो, आणि गोळी फोनवरच्या बाईंच्या सांगण्यावरून तर कधीच नाही.

याचीच उलटी बाजू: ऐन झटक्यात काढलेलं युरिक ॲसिड नॉर्मल येऊ शकतं. पेशंट म्हणतो बघा रिपोर्ट नॉर्मल, गाऊट नाही. दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा काढायचं असतं. शंका राहिली तर खरी परीक्षा म्हणजे सांध्यातलं पाणी सुईने काढून पोलराइज्ड मायक्रोस्कोपखाली बघायचं, सुईसारखे टोकदार स्फटिक दिसतात. १९६१ पासून हीच कसोटी आहे. म्हाताऱ्या माणसाचा गुडघा सुजला तर दुसऱ्या कॅल्शियमच्या स्फटिकांचा आजारही असतो, त्याचे स्फटिक आखूड, चौकोनी तिरके. आणि सांधा लाल, सोबत थंडी-ताप, माणूस गळालेला, तर तो गाऊटचा जुना पेशंट असला तरी सांध्यात पू झालेला नाही ना हे त्याच दिवशी बघावं लागतं. यात उशीर झाला की सांधा जातो.

सुनीताकाकू | ५ जून, दुपारी ४.५५

मी अडुसष्ट वर्षांची आहे. बायकांना गाऊट होत नाही असं मला एकांनी सांगितलं होतं, म्हणून तीन वर्षं माझी बोटं "वयाची" म्हणून चालली होती. पोळ्या लाटता येईनात. उजव्या हाताच्या दोन बोटांची शेवटची पेरं गाठाळलेली आधीपासून होती, त्यातलंच एक एके दिवशी लालबुंद होऊन ठणकायला लागलं. अंगठा-बिंगठा काही नाही, पाय एकदम ठणठणीत. मला बीपीसाठी पाणी काढणारी गोळी चालू होती वीसेक वर्षं. शेवटी भाचीने, ती नर्स आहे, ती म्हणाली मावशी युरिक ॲसिड काढ, ते निघालं ९.१. गोळी बदलली, आता बरं आहे, गाठ अजून आहे. हे बायकांसाठी लिहिलं कारण कोणी सांगत नाही.

डॉ_पायवाट | ५ जून, रात्री ९.१२

काकू, हे लिहिलंत फार बरं केलंत, बायकांच्या गाऊटचं पुस्तकातलं चित्रच आहे हे. पाळी चालू असेपर्यंत इस्ट्रोजेन किडनीतून युरिक ॲसिड बाहेर टाकायला मदत करतं त्यामुळे त्याआधी सहसा होत नाही. पाळी गेल्यावर, बीपीची पाणी काढणारी गोळी, अधू किडनी, आणि मग बोटांच्या झिजलेल्या पेरांत. बीपीच्या गोळ्यांपैकी लोसार्टन उलट थोडं कमी करतं, पण बदल डॉक्टरांना विचारूनच, मनाने बीपीची गोळी बंद करू नका कोणी. हृदयासाठी घेतात त्या छोट्या ॲस्पिरिननेही थोडं वाढतं, तरी तीही बंद करायची नसते.

आपल्याकडचं आणखी एक म्हणजे टीबीच्या पहिल्या दोन महिन्यांतलं पायराझिनामाइड. त्याने युरिक ॲसिड हमखास वाढतं, सांधे दुखतात, आणि लोक टीबीचा कोर्सच सोडून देतात. असं करू नका, टीबीच्या डॉक्टरांना सांगा, ते दोन महिने संपले की बहुतेकांचं आपोआप बरं होतं.

माधव_नाशिक | ६ जून, सकाळी ७.३०

आयुर्वेदात वातरक्त म्हणतात ते हेच, पायाच्या मुळापासून सुरू होऊन वर चढत जातं असं वर्णन आहे. गुळवेल देतात. माझा प्रश्न, गुळवेल आणि ॲलोप्युरिनॉल एकत्र चालेल का?

अनघा_ऑकलंड | ६ जून, सकाळी १०.२०

वर्णन खरंच हुबेहूब आहे, जुन्या लोकांचं निरीक्षण जबरदस्त. पण गुळवेलीने आकडा सहाच्या खाली येऊन टिकतो असा भरवसा मी देऊ शकत नाही, आणि ज्यांची किडनी किंवा लिव्हर अधू आहे त्यांनी कुठलाही काढा डॉक्टरला न सांगता घेऊ नये. गंमत म्हणजे कोल्चिसिनही मुळात वनस्पतीतलंच, हजारो वर्षांपासून सांध्यासाठी वापरात असलेलं, पण डोस जरा चुकला तर जुलाब-उलट्यांपासून जिवावर बेतण्यापर्यंत. क्लॅरिथ्रोमायसिन नावाचं अँटिबायोटिक सोबत चाललं तर तर फारच धोका. माझ्या काउंटरवर ही दोन नावं एकत्र आली की मी पाकीट हातात देत नाही, आधी डॉक्टरला फोन.

आता ते लाज वाटण्याचं सांगते, पहिल्या पोस्टमध्ये राहिलं होतं. माओरीत एक शब्द आहे, व्हाकामा, म्हणजे लाज, संकोच, मान खाली जाणं. गाऊट म्हणजे राजेरजवाड्यांचा आजार, खाऊन-पिऊन माजलेल्यांचा, असं शतकानुशतकं चिकटलेलं आहे, त्यामुळे कारखान्यात पहाटेची शिफ्ट करणारा माणूस, ज्याच्या आजोबाला होता, वडलांना होता, तोही म्हणतो माझंच चुकलं, मी शिंपले खाल्ले. घरचे चेष्टा करतात. तो डॉक्टरकडे न जाता पेनकिलरवर पेनकिलर घेतो, आमच्यासारख्या दुकानातून. आणि आकडे काय सांगतात तर ज्यांना हा आजार सगळ्यात जास्त आणि सगळ्यात वाईट आहे त्याच माओरी आणि पॅसिफिक लोकांना ॲलोप्युरिनॉल नियमित मिळण्याचं प्रमाण कमी. मला याचा खरोखर संताप येतो, कारण ही गोळी १९६६ पासून बाजारात आहे, ती शोधणाऱ्यांना, गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना, १९८८ मध्ये नोबेल मिळालं, स्वस्त आहे, आणि तरी पंचेचाळीशीच्या माणसाला बटण लावता येत नाही.

इथे जे उपाय चालले ते साधे आहेत. उत्तरेकडे नॉर्थलंडमध्ये गाऊट स्टॉप म्हणून कार्यक्रम आहे, त्यात वाढत्या डोसची पाकिटं आधीच बांधून ठेवलेली असतात, डोस कधी वाढवायचा हे पेशंटला लक्षात ठेवावं लागत नाही, आणि त्यांच्यातलाच कोणीतरी कार्यकर्ता घरी फोन करतो. आमच्या भागात फार्मासिस्ट आणि नर्स मिळून करतात, मी स्वतः बोट टोचून युरेट काढते, आकडा त्यांच्यासमोर कागदावर लिहिते. इथे तो वेगळ्या मापात असतो, ०.३६ म्हणजे आपला सहा. मी विचारते घरात आणखी कोणाला आहे, आणि त्यानंतर कारण समजावताना पहिलं वाक्य हेच की तुमच्या किडनीला हे वारशाने आलंय. तेवढ्याने माणसाचे ताठलेले खांदे सैल होतात, बघितलंय मी.

डॉ_पायवाट | ६ जून, दुपारी ३.०८

समजावण्याचा किती फरक पडतो याला आकडा आहे. इंग्लंडात नॉटिंगहॅमला ५१७ पेशंटांवर प्रयोग झाला, २०१८ मध्ये छापून आला. एका गटाला नर्सने आजार नीट समजावून, दर वेळी आकडा दाखवून गोळी वाढवली, दुसऱ्याला नेहमीसारखे फॅमिली डॉक्टरचे उपचार. दोन वर्षांनी पहिल्या गटात ९५ टक्के सहाच्या खाली, दुसऱ्यात ३० टक्के. औषधं दोन्हीकडे तीच उपलब्ध होती. आपल्याकडे ओपीडीत एका पेशंटला चार मिनिटं मिळतात, त्यात मी काय समजावणार हा माझाही प्रश्न आहे.

दर्यावर्दी | ६ जून, रात्री ८.४४

हे सगळं घरी मोठ्याने वाचून दाखवलं. सोमवारी युरिक ॲसिड काढतोय. आई म्हणाली तुझ्या आजोबांचाही पाय पावसाळ्यात असाच सुजायचा, ते लेप लावून बसायचे, कोणी नाव नाही दिलं त्याला. मला हे आजवर माहीतच नव्हतं.

कृष्णाकाठ | २८ नोव्हेंबर, रात्री ९.५१

धागा वर काढते, कळवायचं राहिलं होतं. जूनमध्येच ह्यांना घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी सांधेविकाराच्या डॉक्टरांकडे गेलो. बोटाच्या गाठीतलं घेऊन तपासलं, स्फटिक निघाले. युरिक ॲसिड तेव्हा १०.४ होतं. पन्नासने सुरुवात केली, जोडीला कोल्चिसिन एक दिवसाआड. दुसऱ्या महिन्यात झटका आला, ह्यांनी पाकीट उचललं होतं फेकायला, मी डॉक्टरसाहेबांची इथली पोस्ट मोबाईलवर उघडून हातात दिली. गोळी चालू ठेवली. आता अडीचशेवर आहेत. कालचा रिपोर्ट ५.७, क्रिएटिनिन १.७. दुखण्याची गोळी ऑगस्टपासून घेतलेली नाही. कोपरावरच्या गाठी आहेत तशाच आहेत पण बोटावरची जरा मऊ झाल्यासारखी वाटते, की मलाच तसं वाटतंय माहीत नाही. यंदा फडात एक दिवस खाडा नाही. आता विचारतात झटका येत नाही तर गोळी बंद करू का.

डॉ_पायवाट | २८ नोव्हेंबर, रात्री १०.१९

बंद नाही. गाठी आहेत, त्यामुळे पाचच्या खाली जायचंय अजून, तुमचे डॉक्टर बहुधा डोस आणखी वाढवतील. कोल्चिसिन कधी थांबवायचं ते मात्र त्यांना या भेटीत विचारा. मऊ झाल्यासारखं वाटतंय ते खरं असू शकतं. मोजपट्टी लावून गाठीचा फोटो काढून ठेवा, तीन महिन्यांनी पुन्हा काढा.

अनघा_ऑकलंड | २९ नोव्हेंबर, सकाळी ५.३८

५.७! सकाळी उठून पहिलं हेच वाचलं. फोटोत गाठीशेजारी रुपयाचं नाणं ठेवा, आम्ही इथे तेच करतो, मोजपट्टी दर वेळी सापडत नाही. आणि ह्यांना सांगा, ते बसवाले गृहस्थ होते ना, आता नऊ वर्षं झाली, रोज एक गोळी, दर सहा महिन्यांनी आकडा, दोन्ही पायात बूट घालून येतात.